घोडा वाकतो तिथं

दिवा जरा जवळ घे. आणि आत्तापासूनच दात काढू नकोस. मी थापाड्या आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, पण ही थाप नाही.

आपला देश तेव्हा आतून कडी लावून बसलेला. बाहेरचं काही आत यायचं नाही, आतलं कुणी बाहेर जायचं नाही. मग आम्ही सिनेमात घोडे उडवायचो. पाण्याखाली महाल, बोलणारी झाडं, वाटेल ते. मी त्या स्टुडिओत फिल्म कापायला होतो. मला सहीपलीकडं काही लिहिता येत नाही, आणि तेवढ्यासाठीच मला ते काम दिलेलं. कुणी वरच्यांच्या मनातून उतरलं की गाडी येऊन त्याला घेऊन जायची. मागून चिठ्ठी यायची, याला सगळ्या सिनेमांतून काढा. असलं काम शिकलेल्याला कसं देणार? तो कुठंतरी लिहून ठेवायचा.

चिमणीच्या नावाची चिठ्ठी आली तेव्हा मी कारकुनाला ती दोनदा वाचायला लावली.

चिमणी म्हणजे स्टुडिओत झाडू मारणाऱ्या मावशींची एकुलती एक पोर. उडत्या घोड्यावरची परी ती. घोडा लाकडाचा, तारांना टांगलेला. ती बसली की कचकन खाली वाकायचा. मी म्हणायचो, जेवण कमी कर गं, घोड्याची कंबर मोडेल. मला एक खोड होती. छोट्या हॉलमध्ये सिनेमा चालू असला की मशीनच्या उजेडात दोन बोटं धरायची आणि पुढं बसलेल्या साहेबांच्या सावलीला शिंगं काढायची. ती खोड मी चिमणीला शिकवली. मग गुरूलाच प्रसाद. साहेबांना सोडून ती माझ्याच डोक्याला शिंगं काढायला लागली.

सिनेमा फेकून देता येईना, कारण घोडा वरच्यांचा लाडका. मग मी पातं घेतलं आणि तिला खरवडलं. एका सेकंदाला चोवीस चित्रं, प्रत्येकात ती. खरवडायचं, वर आभाळाचा रंग भरायचा. अकरा दिवस लागले. एकही चित्र सोडलं नाही. भीती वाटायची रे, काय सांगू तुला. घोड्याचं वाकणं तेवढं राहिलं. रिकामा घोडा येतो, कचकन वाकतो, उडून जातो. लोकांना वाटायचं, अदबीनं वाकतोय.

मावशी रोज माझ्या खोलीतली कात्रणं झाडायच्या. एकदा हळूच म्हणाल्या, एखाद्या चित्रात ठेवलीस का रे माझी पोर? माझी जीभ मुळातच चावट. म्हटलं, ठेवलीय की एका जागी, सापडली तर तुमची. त्यांचा चेहरा असा काही उजळला की पुढं सात वर्षं मला ते मागं घेता आलं नाही.

मग त्यांचा एक डोळा गेला. दुसराही थंडीपर्यंत जाईल असं डॉक्टर म्हणाले.

त्या दुपारी मी त्याच सिनेमाची प्रत तपासायला हॉलमध्ये लावत होतो. नेहमीचंच काम. साहेब बैठकीला गेलेले. मावशींनी झाडू दाराला टेकवला आणि सरळ साहेबांच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"आज दाखव," म्हणाल्या. "पुढं दिसायचं नाही मला."

कुणी बघितलं असतं तर दोघांनाही गाडी आली असती. पण खरं सांगू, मला गाडीपेक्षा त्यांच्या चेहऱ्याची धास्ती वाटली. ठरवलं, रीळ संपलं की पाय धरायचे आणि सांगून टाकायचं. दिवे मालवले.

अंधार झाला. मशीनची खरखर, तापलेल्या धुळीचा वास. मावशींचा श्वास मला मागं मशीनपाशी ऐकू येत होता. घोडा आला. रिकामाच. वाकला...

"आली," मावशी म्हणाल्या.

मी पडद्याकडं बघितलं. घोडा, आभाळ आणि मी भरलेला रंग.

"उजवी वेणी सुटलीय बघ तिची... कुणी नीट बांधून नाही का रे दिली?"

मी खरवडलं तेव्हा चित्रात तिची खरंच वेणी सुटली होती. उजवीच. पण मावशींना शूटिंगला कधी आत सोडलं नव्हतं, आणि सिनेमा लोकांत जायच्या आधीच मी तिला खरवडलं होतं.

"हसतेय..." मावशी पुटपुटल्या. "माझ्या मागं काय करतेय ही?"

पडद्याच्या खालच्या कडेला मावशींच्या डोक्याची सावली पडली होती. त्या सावलीच्या मागून हळूच दोन बोटं वर आली. बारीक, जराशी हलणारी. शिंगं.

माझे दोन्ही हात रिळावर होते.

मी दिवे लावले. पाय धरायचे राहूनच गेले. मावशींनी बाहीनं डोळे पुसले, झाडू उचलला, आणि जाता जाता माझ्या गालावर हलकी चापट मारली. "चावट मेल्या. सात वर्षं लपवून ठेवलीस."

थंडी सरायच्या आत मावशी गेल्या. झोपेतच, बिनतक्रार.

पुढं स्टुडिओ बंद पडला. ती प्रत आणि ते मशीन मी घरी आणलं. ते बघ, त्या कोपऱ्यात झाकून ठेवलंय. रीळ लावलं की घोडा आता दोनदा वाकतो. आधी कचकन. मग सावकाश, गुडघ्यावर हात टेकत कुणी म्हातारं माणूस चढावं तसा. मग उडतो. मला बरं वाटतं बघून.

म्हणजे, वाटायचं. हल्ली दोनदा वाकून झालं तरी तो उडत नाही. तसाच थांबतो. मी रीळ हातानं मोजून बघितलं, वीतभरही वाढलेलं नाही. परवा मी पडद्याकडं बघून म्हटलं, थांब गं चिमणे, चहा तरी पिऊ दे. आत गेलो, चहा केला, प्यायलो, कप धुऊन पालथा घातला आणि परत आलो.

मशीन खरखरत होतं. घोडा वाकलेलाच होता.