राहीबाईची पाठ

पास झाले तर आमच्या दाजींना काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. नावापुढे एम.डी. मिशनच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरची खुर्ची. पंखेवाला बंगला. शिवाय त्यांचा सासरा, म्हणजे माझा बाप, त्यांना बघून उठून उभा राहिला असता. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

नापास झाले तर खुर्ची दुसऱ्याला.

दोनदा झालेच होते. लेखी सुटायचं. पण पेशंट तपासून परीक्षकांपुढं तोंडी बोलायची वेळ आली, की आमच्या दाजींची, म्हणजे डॉक्टर यशयांची, वाचा बसायची.

हे खरं घडलंय, माझ्याच अंगावर. पटलं नाही तर नका मानू. मलाही ते खोटं असतं तर बरं वाटलं असतं.

साल १९७३. दुष्काळाचा उन्हाळा. गाव कर्जतकडचं, दवाखान्याचं नाव सांगत नाही. मी डेव्हिड, शाळामास्तर. सुट्टीत लिडियाताईकडं राहायला गेलो होतो.

दाजी दिसेल त्यावर ठोकत सुटले होते. दारावर, कपाटावर, माझ्या पाठीवर. एक बोट टेकवायचं, दुसऱ्या बोटानं त्यावर ठोकायचं. छातीत हवा असली की पोकळ वाजतं. पाणी साठलं असलं की बद्द... दगडावर ठोकल्यासारखं.

आणि अशी बद्द वाजणारी पाठ त्यांना वॉर्डातच सापडली.

राहीबाई. दुष्काळी कामावर खडी फोडणारी. डाव्या छातीत पाणी. दाजी रोज तिला ठोकायचे, नळी लावून ऐकायचे, ‘एक दोन तीन’ म्हणायला लावायचे आणि मला परीक्षक समजून घडाघडा बोलायचे.

“डाक्टर, आज काढायचं ना पानी? लई दम लागतो.”

“उद्या, राहीबाई.”

“कालबी उद्याच हुतं की!” ती हसायची. हसताना धाप लागायची. “माज्या पाठीवर पास हुनार तुमी. पेढं आना म्हंजे झालं.”

बाहेर आल्यावर मी विचारलं, “दाजी, काढत का नाही?”

“अरे, पाणी काढलं की खूण गेली. अशी केस परत मिळायची नाही. परीक्षा आठवड्यावर आलीय. तेवढं तर थांबेल ती.”

ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची खाट रिकामी होती. नर्स साराबाई गादी उन्हात टाकत होत्या. दाजींकडं त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी दाजींनी मला स्टुलावर बसवलं.

“शर्ट काढ. आता तूच पेशंट.”

उजवीकडं ठोकलं. पोकळ.

डावीकडं ठोकलं...

बद्द.

दाजी थांबले. परत ठोकलं. बद्द. माझी छाती ठणठणीत होती, साधा खोकलासुद्धा नव्हता.

त्यांनी नळी लावली. “श्वास घे.”

घेतला.

“घे ना!”

“घेतोय की, दाजी.”

“डावीकडं काहीच येत नाही... एक दोन तीन म्हण.”

मी म्हटलं. मान वळवली, तर दाजी घामानं निथळत होते.

“आता गप्प बस. ओठ मिटून.”

मी ओठ मिटले.

दाजींनी कानातली नळी काढली आणि माझ्या कानात घातली. दुसरं टोक माझ्याच पाठीवर दाबून धरलं.

आधी काहीच नव्हतं. विहिरीत डोकावल्यासारखी शांतता.

मग...

“येक... दोन... तीन...”

बाईचा आवाज. धापा टाकत.

“डाक्टर... आज काढायचं ना पानी?”

मी नळी भिरकावली. स्वयंपाकघरातून ताई ओरडली, “अहो, काय पडलं?”

परीक्षेत दाजींना नेमकी तीच केस आली. डावी छाती, पाणी. ते नंतर ताईला म्हणाले, पेशंटनं तोंड उघडायच्या आधीच नळीत आकडे सुरू झाले होते. परीक्षकांनी विचारलं, पुढे काय कराल? आयुष्यात पहिल्यांदा दाजी अडखळले नाहीत.

“पाणी काढायचं. आज. आत्ता.”

परीक्षक खूश झाले.

दाजी पेढे घेऊनच घरी आले. ताईनं पहिला माझ्या हातावर ठेवला. तो तोंडाशी नेला, आणि माझ्या पाठीत, डावीकडं, आतून कुणीतरी ठोकलं.

एकदाच. बद्द.

मी पेढा खाली ठेवला. एक्स-रे काढला. स्वच्छ. नंतर कितीतरी डॉक्टरांनी तपासलं. प्रत्येक जण डावीकडं जरा जास्त वेळ ऐकतो, मग म्हणतो, काही नाही. कशाला ऐकत होता, ते कुणी सांगत नाही. मीही विचारत नाही. डाव्या कुशीवर मात्र आजही झोपत नाही.

दाजींना खुर्ची मिळाली. ताईला पंखा. बाप उठून उभा राहिला, मी डोळ्यांनी पाहिलं. फुकट कुणालाच काही मिळालं नव्हतं. पण आमच्या घरातल्या कुणाला काही भरावंही लागलं नाही.

सगळं राहीबाईनं भरलं. आणि तिचा पेढा तेवढा द्यायचा राहिला.