आधी मधला बोल्ट

स्पेअर पार्टच्या दुकानात झेंडूचा वास यायचं काही कारण नव्हतं. वर्षालीनं मान वर केली. काउंटरपलीकडे एक उंच तरुण उभा होता. शर्टाच्या खिशातून चार-सहा झेंडू डोकावत होते, हात कोपरापर्यंत काळे, आणि त्या काळ्या हातात जळालेलं हेड गॅस्केट... इंजिन आणि त्याच्या डोक्यावरचं जड झाकण यांच्यामध्ये बसते ती पातळ पट्टी.

"ताई, असंच एक द्या. लवकर. व्हॅन उघडी पडली हाय, अन् दसऱ्याचा झेंडू झाडावर."

"गाव?"

"हिवरखेड. देवानंद म्हन्तात मले."

नाव कुणी विचारलं होतं? पण तो सांगून मोकळा झाला, आणि वाऱ्यासारखा निघूनही गेला. अकोल्याच्या त्या दुकानात दिवसभर झेंडूचा वास घुटमळत राहिला.

दसरा झाला आणि स्वारी पुन्हा हजर, खिशात झेंडू तसेच. या वेळी तोंडाशी आलेला 'ताई' त्यानं गिळला. वर्षालीच्या ते बरोबर लक्षात आलं.

"ते... मॅडम... पुन्हा उडालं. इंजिनातलं पानी तेलात उतरून राहिलं. तुमचा माल—"

"मालाले नावं नका ठेवू. बोल्ट कसे आवळले?"

"मस्त आवळले! एका टोकापासून सुरू केलं, एकेकाले पुरा दम लावला."

"जोर वाढवाले पान्याले पाइप लावला असंन?"

देवानंद आपल्या चपलांकडे पाहू लागला. "लावला... थोडासाच."

वर्षालीला हसू आवरेना. तिनं नवं गॅस्केट काउंटरवर पसरलं आणि हात पुढे केला. "द्या ती फुलं."

खिशातले झेंडू तिच्या तळहातावर आले. बोटांना बोटं लागली, आणि दोघांनीही ती जरा उशिरानंच सोडवली.

"हे पाहा." तिनं बोल्टाच्या भोकांवर एकेक फूल मांडलं. "आधी मधला. मंग त्याच्या समोरचा. असं मधून कडेकडे जायचं. पहिल्या फेऱ्यात थोडे आवळायचे, दुसऱ्यात अजून, शेवटच्यात पुरे. अन् टॉर्क पाना घ्या, त्याच्यावर जोर मोजता येते. एकाच टोकाले जीव खाऊन आवळलं, तर दुसरं टोक नीट बसन का? भाकर काय कडेपासून थापतात?"

"मले भाकर येत नाई."

"शिका."

"शिकवता का?" तो बोलून गेला... आणि त्याचे कान लाल झाले.

जाताना त्यानं फुलं उचलली. एक राहिलं, मधलं. विसरला की ठेवून गेला, देव जाणे. वर्षालीनं ते गल्ल्याजवळ ठेवलं आणि पुढचे कितीतरी दिवस दारात व्हॅन थांबली की तिचा जीव उगाच वरखाली झाला.

दिवाळीनंतर तो आला तेव्हा शर्टाला इस्त्री होती.

"गॅस्केट द्या."

"पुन्हा उडालं?"

"हो... म्हनजे... तसंच समजा."

वर्षालीनं त्याच्या हातांकडे पाहिलं. नखं स्वच्छ, साबणाचा वास. इंजिन उघडून बसलेल्या माणसाचे हात असे असतात होय! तिला इतका आनंद झाला, की खिळ्यावरचं गॅस्केट काढताना ती नाहक दुसऱ्याच रांगेत शोधत बसली.

आणि हा बोलत काय होता? तर शेवंतीचा भाव, तेल्हाऱ्याचा रस्ता, यंदाचं ऊन. बोलता बोलता थांबायचा, तिच्याकडे पाहायचा, आणि पुन्हा शेवंतीवर यायचा.

तेवढ्यात आतून वामनरावांचा, तिच्या वडिलांचा आवाज आला. "वर्षा, रविवारी दुकान बंद ठेवजो. अमरावतीचे पाहुने तुले पाहाले येऊन राहिले."

देवानंदचा चेहरा उतरला. त्यानं गॅस्केट काखेत मारलं. "येतो मंग," एवढंच म्हणाला आणि पायरी उतरला.

आता हा गेला, की गेला. लाज गेली खड्ड्यात.

"अहो, हिवरखेड! बोल्ट कुठून आवळले शेवटी?"

तो वळला. "मधून. तुमी सांगतले तसे. गाडी फस्क्लास चालून राहिली."

"मंग इथं कावून कडेकडेनं फिरून राहिले?"

रस्त्यावरून एक ऑटो फटफटत गेला. देवानंद पायरी चढून वर आला.

"मले तुमी आवडता," तो म्हणाला. "लय आवडता."

वर्षालीचे डोळे भरून आले, आणि ओठ मात्र हसत होते. "मलेही... हा झाला पहिला फेरा. दुसरा आत, बाबासमोर. अन् जोर नका लावू."

पण बाबा आतून बाहेर येऊन उभेच होते.

"हेच का ते? तुले ताई म्हनून गेल्ते?"

"काका, ते... पाइप लावल्यासारखीच चूक झाली," देवानंद घाबरत म्हणाला. "मी शालिकरामजीचा लहाना पोरगा. फुलवाल्याचा."

"शालिकराम होय? ओयखतो." वामनरावांनी त्याला खालून वरपर्यंत पाहिलं. "गाडी चालू हाय म्हन्तो, मंग गॅस्केट कायले?"

वामनरावांनी गल्ल्याजवळचं वाळलेलं फूल उचललं.

"रोज पुसताना हे उचलतो, अन् रोज तिथंच ठेवतो," ते लेकीला म्हणाले. "तू कधी सांगशीन, याची वाट पाहून राहिलो होतो बाप्पा."

फूल त्यांनी जागच्या जागी ठेवलं. देवानंदच्या काखेतलं गॅस्केट काढून घेतलं आणि पुन्हा खिळ्याला अडकवलं.

"वर्षा, अमरावतीले फोन लाव. सांग त्याइले, रविवारी आमचं दुकान उघडं हाय."