काच आतून का पांढरी झाली?

"तुझी मुलगी थोडक्यात वाचली, एवढंच सांगतो. रविवारी येऊन घेऊन जा तिला."

ठिणगीच्या बाबांना एवढं सांगून मोठ्या काकांनी फोन ठेवला आणि गाडीची चावी स्वतःच्या खिशात टाकली. ठिणगी दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. तिची कानशिलं तापली. तिचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. चिडली की डोळे असे चमकायचे की आजोबांनी लहानपणीच तिला ठिणगी करून टाकलं होतं.

"दादा, काच अचानक पांढरी झाली," आत्या शांतपणे म्हणाली. "पुढचं काही दिसेना. म्हणून गाडी कुंपणाला घासली."

"काच पुसायची असते. लक्ष कुठे होतं तुझं? हीटर परवाच नवीन बसवून घेतलाय मी. आता आजपासून गाडी बंद."

आत्याने कामाची पिशवी खांद्यावरून उतरवून खुंटीला अडकवली. ती परिचारिका होती. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन त्यांच्या जखमा धुणं, पट्ट्या बदलणं हे तिचं काम. टेकडीपलीकडच्या वस्त्यांवर गाडीशिवाय ती जाणार कशी, हे कुणी विचारलंच नाही. आत्याचं असं गप्प बसणं पाहून ठिणगीला जास्तच राग आला. त्या वेळी ती स्वतः आत्याच्या शेजारी बसली होती. आत्या काच पुसत होती, पण जितकी पुसावी तितकी ती चिकट, धुरकट होत होती. हीटर वाढवला तेव्हा तर समोर नुसतं दूध ओतल्यासारखं झालं.

सकाळी उठल्याबरोबर तिने काकांच्या दोन्ही मुलांना हलवून जागं केलं. मोठा पोपट, त्याचं तोंड झोपेतही बंद नसे. धाकटी शेपूट, ती भावाच्या मागे सगळीकडे जायची.

"गाडीला हात लावला तर बाबा माझी चटणी करतील," पोपट कुरकुरला.

"मग तू फक्त बघ. बोलू नकोस. जमेल?"

"प्रयत्न करतो."

गाडी मागच्या शेडमध्ये उभी होती. आजोबांच्या वेळची, जुनी, पुढच्या बाजूला आता नवा पोचा. बाहेर गवतावर हिमाचा पांढरा थर होता. तिघांच्या तोंडातून वाफा निघत होत्या.

"काल माझे मोजे ओले झाले होते," ठिणगी म्हणाली. "बर्फ लागला असेल असं मला वाटलं. पण मी तर गाडीतून उतरलेच नव्हते."

तिने पुढच्या सीटखालची चटई उचलली. खालचा जाड कापडी थर चिंब होता. तिने त्यावर जुना पांढरा रुमाल दाबला. रुमाल हिरवट झाला आणि बोटांना चिकटला. गोडसर वास सुटला.

"खोकल्याचं औषध," पोपट म्हणाला आणि त्याने बोट तोंडाकडे नेलं.

ठिणगीने त्याच्या हातावर फटका मारला. "विष असतं ते. इंजिन गार ठेवणारं पाणी आहे. आत्याने दाखवलं होतं मला."

"इथे मला चित्र काढता येतं," शेपूट म्हणाली. ती पुढच्या सीटवर चढून काचेवर बोटाने मांजर काढत होती. काच आतून तेलकट झाली होती आणि मांजर अगदी स्पष्ट उमटलं होतं.

ठिणगीने त्या तेलकट मांजराकडे निरखून पाहिलं. मग तिने बॉनेट उघडलं. हिरव्या पाण्याची बाटली जवळजवळ रिकामी होती, तळाशी थोडं उरलं होतं. हिरवं, रुमालावर होतं तसंच.

"इंजिनचं गरम पाणी या दोन रबरी पाइपांतून आत हीटरमध्ये जातं आणि परत येतं," ती बोट फिरवत म्हणाली. "हीटर आतून फुटलाय. पाणी गळतं, त्याची वाफ काचेवर बसते."

"पण हीटर तर नवीन आहे," पोपट म्हणाला.

ठिणगी खाली वाकली. पाइपांची टोकं जिथे गाडीच्या आत शिरत होती, तिथल्या, पाइप आवळून धरणाऱ्या पकडींवर जाड गंज चढला होता. गंज, धूळ आणि जुनं तेल यांचा एकच थर पाइपापासून पकडीपर्यंत सलग पसरला होता. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"नवीन?" ती दात आवळून म्हणाली. "बरं."

पोचा बघायला काकांचा गॅरेजवाला मित्र आला तेव्हा तिघंही शेडच्या दारात उभे होते. ठिणगीने ओल्या चटईबद्दल सांगितलं. गॅरेजवाला हसला.

"पोरांनी सरबत सांडलं असणार. नवा हीटर आहे, मी स्वतःच्या हातांनी बसवलाय. बाईमाणसांना गाडीतलं काय कळतं, मग दोष वस्तूला."

ठिणगीला ओरडावंसं वाटलं. तिने मुठी खिशात घातल्या.

"सरबतच असेल," ती गोड आवाजात म्हणाली. "मग तुम्ही दोघं काचा लावून बसा आणि हीटर सुरू करा. नुसता सरबताचा वास आला तर आम्ही तिघं गाडी धुऊन देतो, आतून बाहेरून."

"मला घाई आहे," गॅरेजवाला पटकन म्हणाला.

"कसली घाई? बस रे. या कार्टीचं तोंड एकदा बंद होऊ दे," काका म्हणाले. त्यांनी बाटलीत पाणी भरलं, गाडी शेडबाहेर अंगणात घेतली आणि पंखा पूर्ण वाढवला.

इंजिन तापायला जरा वेळ लागला. आधी काचेच्या खालच्या कडेला पांढरं उमटलं. मग ते वर चढलं. बघता बघता आतले दोन्ही चेहरे दिसेनासे झाले. नुसता काकांचा हात काच पुसताना दिसत होता, आणि पुसलेलं पुन्हा भरत होतं.

"बाबा गेले," शेपूट म्हणाली.

धाडकन दार उघडून काका खोकत बाहेर आले. दुसऱ्या दाराने गॅरेजवाला उतरला, त्याचा एक बूट हिरव्या पाण्याने ठिबकत होता.

"एखादा जोड सैल राहिला असेल," तो पुटपुटला.

"कुठला जोड?" ठिणगीने बॉनेट उघडलं. तिचा आवाज आता गोड राहिला नव्हता. "हे पाइप सोडवल्याशिवाय नवा हीटर आत जातो कसा? काका, या पकडी बघा. गेल्या कित्येक वर्षांत कुणी त्यांना हात लावलेला नाही."

काका वाकले. त्यांनी गंजाचा तो सलग थर नीट पाहिला. आवाज ऐकून आत्याही बाहेर आली होती.

"नवा हीटर नाही बसवला. नुसती पावडर टाकली होती मी त्या पाण्यात," गॅरेजवाला जमिनीकडे बघत म्हणाला. "गळती थांबते तिने. कधी कधी."

"माझी बहीण मेली असती," काका म्हणाले. "आणि तू मला सांगत होतास, तिला चालवता येत नाही."

"तुम्हीही तेच सांगत होतात," ठिणगी म्हणाली.

गॅरेजवाल्याने हत्यारांच्या पेटीकडे हात नेला.

"तुम्ही नको," आत्या म्हणाली. "पेटी ठेवा आणि बाजूला व्हा. इंजिन गार झालं की मी बघते."

दुपारी तिनेच ते काम केलं. दोन्ही पाइप हीटरपासून सोडवले, मध्ये एक छोटी लोखंडी नळी घालून त्यांची टोकं एकमेकांना जोडली आणि नव्या पकडी आवळल्या. आता पाणी हीटरकडे न जाता तिथूनच परत फिरणार होतं. ठिणगीने उजेडासाठी टॉर्च धरला. पोपटने चटई बाहेर काढली आणि काच साबणाने घासली, तोंड अजिबात न थांबवता. शेपूटचं मांजर मात्र गेलं, म्हणून ती रुसली.

"नवा हीटर येईपर्यंत थंडी सोसावी लागेल," आत्या म्हणाली. "पण काच स्वच्छ राहील. खिडकी जरा उघडी ठेवू."

तिने गाडी चालू करून बराच वेळ खाली वाकून पाहिलं. थेंबही पडला नाही.

काकांनी चावीसाठी खिशात हात घातला, ती आधीच गाडीला लावलेली आहे हे लक्षात आल्यावर गोंधळून रिकामाच हात पुढे केला आणि तो ठिणगीच्या डोक्यावर ठेवला. "शाब्बास. मी चुकलो पोरी."

ठिणगी एक पाऊल मागे सरकली. "मला नका सांगू."

काका आत्याकडे वळले. "मी तुझं ऐकून घ्यायला हवं होतं."

"हो," आत्या म्हणाली. "घ्यायला हवं होतंस."

"आणि बाबांना फोन करा," ठिणगी म्हणाली. "काल सांगितलंत ना सगळं? आता आजचंही सांगा. सगळं."

काका आत गेले. पोपट दाराशी उभा राहून ऐकत होता, या वेळी खरोखरच एक शब्द न बोलता. काकांनी काहीही लपवलं नाही, पावडरही नाही आणि स्वतःची चूकही नाही. पलीकडून ठिणगीच्या बाबांचा मोठ्याने हसण्याचा आवाज आला. "माझी पोर आहे ती. दे तिला फोन."

काकांनी अंगणात डोकावलं. अंगण रिकामं होतं. फाटकाबाहेर जुनी गाडी टेकडीच्या रस्त्याला लागली होती, आणि मागच्या काचेतून दोन घोंगड्यांत गुंडाळलेली दोन डोकी अगदी स्वच्छ दिसत होती.

"ती कामावर गेलीय," काका फोनमध्ये म्हणाले. "तिच्या आत्याबरोबर."