आजोबांचा तपकिरी चेंडू

"परत फेक! परत फेक!" सगळं मैदान ओरडत होतं.

शिकागोतला हंगामाचा पहिला बेसबॉल सामना, आणि पाहुण्या संघाच्या खेळाडूने थेट प्रेक्षकांत टोलवलेला चेंडू, म्हणजे होमरन, गसकाकांच्या हातात! पण शत्रूचा चेंडू ठेवून घ्यायचा नाही, हा इथला रिवाज. काकांनी घाईघाईने खिशात हात घातला आणि दिला चेंडू भिरकावून! टाळ्या, शिट्ट्या!

"बघितलंस, माझ्या बाबांनी काय फेकला!" रोमान ओरडला.

त्याची चुलतबहीण वांडा आजोबांची दुर्बीण डोळ्याला लावून बसली होती. "होमरनचा चेंडू पांढराशुभ्र होता. हा तपकिरी कसा?"

"चिखल लागला असेल."

"हवेत कुठला आलाय चिखल, शहाण्या?"

"तो खिशातूनच काढला! मी पाहिलं!" वांडाचा धाकटा भाऊ टेडी हॉट डॉग चावत म्हणाला.

वांडाने दुर्बीण खाली घेतली. शेजारची खुर्ची रिकामी होती. आजोबा जानेवारीत गेले, तरी आजीने त्यांचं तिकीट काढलंच होतं. खुर्चीवर त्यांची निळी टोपी होती. तरुणपणी झेललेला चेंडू ते दर सामन्यात अंगठ्याने चोळत बसायचे, इतका की तो तपकिरी झाला होता. रिवाजाप्रमाणे सातव्या डावात सगळं मैदान गायला उभं राहिलं की ते तो उंच धरायचे. आज आजी धरणार होती.

आजी कॉफी आणायला गेली होती. वांडाने तिची पिशवी उपसली. चेंडू नव्हता!

"काका, दुसरा खिसा दाखवा."

काकांनी हसत कोरा चेंडू दाखवला. "हळू बोल! हुशार माणसं एक जुना चेंडू जवळ ठेवतात. तो फेकायचा, खरा आपल्याला! आईच्या पिशवीत एक मळका होता, टेडीचा असेल..." ते थांबले. चेहरा पांढराफटक पडला. "बाबांचा? मी बाबांचा चेंडू फेकला?"

"थांबा!" दुर्बिणीतून बघत वांडा म्हणाली. "खेळाडूने तो पुढच्या रांगेतल्या पिवळ्या टोपीवाल्या पोरीला दिलाय!"

होमरन झेलायची काकांनी जन्मभर वाट पाहिली होती. त्यांनी तो कोरा चेंडू वांडाच्या हातात कोंबला. "हा तिला दे. पळा!"

पुढच्या रांगांच्या जिन्यावर म्हातारा रखवालदार उभा होता. "तिकीट?"

"आमचे आजोबा हरवलेत!" ठरल्याप्रमाणे टेडीने गळा काढला.

"अरेरे! कसे दिसतात? काय घातलंय?"

हे काही ठरलं नव्हतं. "निळी टोपी," टेडी चाचरला. "नाही, ती खुर्चीवरच आहे. ते... ते शेंगांची टरफलं माझ्या टोपीत टाकतात. आणि मला दिसलं नाही की खांद्यावर घेतात..." आणि त्याला खराखुरा हुंदका फुटला. वांडाचेही डोळे भरून आले. अंत्यविधीला न रडलेल्या रोमानने तोंड फिरवलं.

"जा बाळांनो, शोधा," रखवालदार बाजूला झाला.

पिवळी टोपी रुसूनच बसली होती. "माझा चेंडू घाणेरडा आहे!" कोरा चेंडू दिसताच तिने त्यावर झडपच घातली आणि तपकिरी वांडाला देऊन टाकला! आजी कॉफी घेऊन यायच्या आत तो परत तिच्या पिशवीत होता.

सातवा डाव आला. आजीने पिशवीतून चेंडू काढला आणि थबकली. "याला गवत कसं लागलं?"

काकांनी खाली मान घालून सगळं सांगितलं.

"गाढवा!" आजीने त्यांच्या पाठीत धपाटा घातला. मग तिन्ही मुलांना जवळ ओढलं. "शाबास रे माझ्या वाघांनो! तुम्ही नसता तर आज मी काय धरलं असतं?"

तेवढ्यात तो रखवालदार धापा टाकत आला. "बाळ, मी सगळीकडे शोधलं रे! सापडले का आजोबा?"

टेडीने मान खाली घातली. आजीने एकदा त्याच्याकडे, एकदा रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तिला सगळं कळलं.

"नाही हो, ते आता नाही सापडायचे," ती म्हणाली. "पण माझ्या पोरांनी शोधायचं काही बाकी ठेवलं नाही."

रखवालदाराने हळूच टोपी काढली. सगळं मैदान गायला उभं राहिलं. काकांनी टेडीला खांद्यावर घेतलं, आजीने चेंडू त्याच्या हातात दिला, आणि रडत रडतच टेडीने तो उंच धरला.