व्हायोलेटची खुशाली

तो दुकानात शिरला तेव्हा त्याच्या एका हातात छोटीशी कुंडी होती आणि दुसऱ्या हातात मोडका चष्मा. कुंडी काउंटरवर अलगद ठेवून तो म्हणाला, "हिची खालची पानं पिवळी पडतायत. काही खत-बित द्यावं लागेल का?"

तिनं मान वर केली. काच घासण्याच्या चाकाची पांढरी भुकटी तिच्या बोटांना लागली होती.

"खत शेजारी मिळेल. रोपवाटिका पलीकडच्या दारात. हे चष्म्याचं दुकान आहे."

तो डोळे बारीक करून इकडेतिकडे बघू लागला. भिंतीवर दोन-अडीचशे फ्रेमा टांगलेल्या होत्या, पण त्यातली एक जरी त्याला दिसली असेल तर शपथ!

"पाटी वाचता आली नाही…" तो ओशाळून हसला. "सकाळी चष्म्यावरच बसलो मी."

"मग बरोबर दुकानात आलात की!"

ही गोष्ट बरीच जुनी आहे. गल्लीत एखाद्याच घरी फोन असायचा, तेव्हाची. ती तेवीस वर्षांची होती. दुकान बाबांचं, गिऱ्हाईक तेच बघत. मागच्या खोलीत बसून काचा फ्रेमच्या मापाला घासायच्या, हे तिचं काम. पण त्या दिवशी बाबा दाढ काढायला गेले होते, म्हणून ती पुढे बसली होती. दाढेचे उपकारच म्हणायचे.

तिनं पट्टी घेतली आणि डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजायला ती पुढे वाकली.

"हलू नका. समोर बघा."

"समोर तुम्ही आहात."

"मग… माझ्या कपाळाकडे बघा."

"कपाळ कुठं आहे, तेच दिसत नाहीये," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. तिचा हात हलला. तिला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं.

तो जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला होता. शनिवारी जहाज सुटणार होतं, सात महिन्यांसाठी. तिनं बाकीची कामं बाजूला सारून त्याच्या काचा शुक्रवारी दुपारीच बसवल्या. तो आला, चष्मा डोळ्यांवर चढवला. आधी फ्रेमा पाहिल्या, मग छत, मग रस्ता… आणि शेवटी तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ.

"नीट दिसतंय ना?" तिनं विचारलं.

"दिसतंय. आणि तीच तर पंचाईत झाली. उद्या जायचंय."

कान गरम झालेले तिला कळले. मग त्यानं पिशवीतून तीच कुंडी काढली. आफ्रिकन व्हायोलेट. पानांवर मखमलीसारखी लव, मधोमध दोन जांभळी फुलं.

"बहिणीकडे ठेवणार होतो, पण तिची मांजर पानं कुरतडते. आई गेली गेल्या वर्षी… तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असायचं हे. सांभाळाल?"

एकदा चष्मा केलेल्या माणसाचं झाड कुणी सांभाळतं का? पण ती "हो" म्हणून बसली.

"पानांवर पाणी पडू द्यायचं नाही. बशीत घालायचं, उरलेलं ओतून टाकायचं. थेट ऊन नको. माती वरून सुकल्याशिवाय पुन्हा पाणी नाही. आणि लाड तर मुळीच नकोत."

"एवढं पथ्य तर आमच्या बाबांच्या मधुमेहालाही नाही!"

पहिले तीन महिने तिनं पथ्य पाळलं. मागच्या खोलीच्या खिडकीत, पातळ पडद्याआड कुंडी ठेवली. काचा झाडायच्या मऊ ब्रशनं ती पानांवरची धूळ काढायची. पाच फुलं आली. कुठल्या कुठल्या बंदरांतून त्याची पत्रं यायची – वर परदेशी तिकिटं, आत वंगणाचे डाग. इंजिनखोलीतली उष्णता, स्वयंपाक्याची भांडणं, आणि शेवटी ठरलेला प्रश्न: 'आमचं रोप काय म्हणतं?' ती लिहायची, 'मजेत आहे. तुमची आठवण काढतं.' मग पाकीट चिकटवताना उगाचच खिडकीकडे बघायची.

चौथ्या महिन्यात हवा कुंद झाली. पत्रं लांबली. पत्र आलं की आनंदानं पाणी, पत्र नाही आलं की काळजीनं पाणी… पथ्याचा कधीच बोजवारा उडाला होता. एका सकाळी तिनं पान उचलायला हात लावला, तर अख्खा शेंडाच हातात आला. देठ काळे, मऊ, कुजकट वासाचे.

ती खुर्चीत मटकन बसली आणि रडू लागली.

"अगं, झाड आहे ते, माणूस नाही," बाबा म्हणाले.

"त्याच्या आईचं आहे, बाबा."

बाबा उठले आणि शेजारून रोपवाल्याला बोलावून आणलं.

एकच पान धड उरलं होतं. रोपवाल्यानं सांगितलं, देठ तिरपा कापून ओल्या वाळूत खोच, नशीब असेल तर फुटेल. तिनं पान वाळूत खोचलं आणि वर काचेचं भांडं पालथं घातलं. मग… मग तिनं एक खोटेपणा केला. त्याच रोपवाल्याकडून तसंच जांभळं व्हायोलेट आणलं आणि जुन्याच कुंडीत लावलं. पत्रात लिहिलं, 'मजेत आहे. या खेपेला आठ फुलं आली.'

तो आला तेव्हा उन्हानं रापला होता. कुंडी हातात घेऊन त्यानं बराच वेळ पाहिली.

"छान वाढवलंत," तो म्हणाला, आणि कुंडी परत खिडकीत ठेवली. "राहू दे इथंच. जागा आवडलेली दिसतेय."

त्यानंतर तो रोज येऊ लागला. एकदा चष्मा नाकावर सैल, एकदा कानामागे टोचतोय. बाबा पेपराआडून म्हणाले, "या दर्यावर्द्याचं नाक रोज बदलतं की काय?" ती मुकाट्यानं स्क्रू आवळायची. त्याच्याकडे बघायची हिंमतच होत नव्हती. पाचव्या दिवशी तिला राहवलं नाही.

"हे तुमचं झाड नाही," ती एका दमात म्हणाली. "तुमचं मी मारलं. पाणी घालून घालून. हे विकतचं आहे."

"माहीत आहे."

"…कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. याच्या पाकळ्यांना झालर आहे. आईच्या फुलांना नव्हती."

केसाएवढी चूक पकडणारे तिचे डोळे – आणि झालर दिसली नाही!

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होतो. रोज." त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. "पाच फुलांचं खरं होतं?"

"पाच खरी. आठ… खोटी."

"आणि रोप माझी आठवण काढायचं, ते?"

ती उठली आणि वाळूचा डबा घेऊन आली. काचेखाली त्या एकुलत्या पानाच्या बुडाशी मसुराएवढी दोन पानं उगवली होती.

त्यानं चष्मा काढला. जवळचं त्याला बिनचष्म्याचंच नीट दिसायचं. तो वाकून, अगदी नाक टेकवून बघत राहिला. मग बाहीनं डोळे पुसले… आणि एकाएकी हसला.

"आईनंसुद्धा दोन मारली होती. अशीच, पाणी घालून. मला दिलेले सगळे नियम तिला शेवटी-शेवटी कळलेले होते."

सुट्टी पाच आठवड्यांची होती. तो रोज आला, पण आता चष्म्याचं कारण सांगायच्या भानगडीत पडला नाही. निघायच्या दिवशी दारात घुटमळला.

"या वेळी खरं लिहा. मेलं तर मेलं, असं लिहा."

"आणि बाकीचं?"

"बाकीचंही," तो म्हणाला, आणि पटकन रस्ता ओलांडून गेला.

तिनं चार कागद फाडले. हवापाणी, बाबांची साखर, दुकानाचा नवा रंग… सगळं खरं होतं, पण लिहायचं ते हे नव्हतंच. पाचव्या कागदावर तिनं लिहिलं: 'रोप बरं आहे. मी बरी नाही. लवकर या.' मग 'या' खोडून तिथं 'ये' लिहिलं, आणि विचार बदलायच्या आत धावत जाऊन पत्र पेटीत टाकलं.

तीन आठवडे काहीच आलं नाही. मग एका दुपारी दुकानात तार आली. त्या काळी तार म्हटलं की वाईट बातमीच. बाबांनी ती उघडली, चष्मा सारखा केला, वाचली, उलटी करून मागे पाहिलं.

"'मीही नाही.' बस्स, एवढंच? अगं, काय मीही नाही? हा माणूस येतोय की येत नाही?"

तिनं तार त्यांच्या हातातून काढून घेतली. पुन्हा पुन्हा वाचली.

"येतोय, बाबा," ती म्हणाली. "येतोय."