घाबरवलेल्या बोरी

रतन वाघमोडेनं मेलेली शेळी संशोधन केंद्राच्या पायरीवर ठेवली आणि शिपायाला सांगितलं, "मॅडमला भाईर बोलीव. ही सातवी हाय."

डॉ. मंजिरी दाभाडे कपाळाला आठ्या घालूनच बाहेर आल्या. त्यांच्या 'इशारा' या फवाऱ्याला नुकताच पुरस्कार जाहीर झाला होता आणि दुपारी वार्ताहर यायचे होते. पायरीवरची शेळी त्यांना नेमकी आजच नको होती.

"मावशी, जनावरांचा दवाखाना पलीकडे आहे."

"तिथनंच आले. डाक्टरनं पोट फाडून दावलं. बोरीच्या पाल्यानं गच्च भरल्यालं, पर पचल्यालं काय न्हाय. माझी शेरडं भरल्या पोटी उपाशी मरत्यात."

बोरीच्या पानावर डोळ्यांना न दिसणारा कोळी नावाचा एक किडा येतो. तो नुसता पान खात नाही, लाळ सोडून त्याला फसवतो. पान सुजतं, गाठ धरतं आणि हा आत घरजावयासारखा ऐसपैस राहून पोरंबाळं वाढवतो. पानाला उशिरा शहाणपण सुचतं. मग ते टॅनिन नावाचं तुरट द्रव्य साठवू लागतं आणि हवेत एक गंध सोडून शेजारच्या झाडांनाही सावध करतं. दाभाडेबाईंनी तोच गंध प्रयोगशाळेत तयार केला. ड्रोननं तो फवारला की कोळी यायच्या आधीच पानं तुरट होऊन बसतात. गाठी गेल्या, बागाईतदार खूश झाले. टॅनिन पाल्यातली प्रथिनं पोटात पचूच देत नाही, हे बाईंना माहीत होतं. पण बोरी फळांसाठी लावतात, पाल्याचा विचार कोण करतो?

"इशारा आम्ही फक्त बागांत मारतो," बाई म्हणाल्या. "तुमच्या शेळ्या बागेत शिरल्या असणार."

"बागंला तारंचं कुंपन हाय. माझी शेरडं वढ्याकाठच्या रानबोरी खात्यात. यंदा पाऊस न्हाय, गवात न्हाय. दुसरं काय खातील?"

तिला खोटं पाडायचं म्हणूनच बाईंनी पर्णमापक घेतला आणि तिलाही बरोबर घेऊन जीप काढायला लावली. या यंत्राचा चिमटा पानाला लावला की तुरटपणाचा आकडा दिसतो. साध्या पानाचा आकडा चार-पाच असतो. ओढा सगळ्यात जवळच्या बागेपासून तीन किलोमीटरवर होता.

पहिल्या रानबोरीवर आकडा आला एकोणीस. बाईंनी चिमटा पुसून पुन्हा लावला. एकोणीसच. ओढ्याच्या पार टोकाच्या बोरीवर बावीस आला.

"या बोरीही सावध झाल्यात, पण फवारा इथवर येत नाही," त्या पुटपुटल्या.

"मग ह्यास्नी कुनी सांगितलं?"

"बागेतल्या झाडांनी. आणि पुढं यांनीच एकमेकींना."

"मग आता सांगा की. म्हनावं, कोळी आलाच न्हवता, खोटं हुतं."

"तसा गंध नाही, मावशी. झाड धोका कळवतं. धोका टळला हे ते कसं कळवतं, कळवतं की नाही, ते आम्हाला अजून सापडलेलं नाही."

"सापडल्यालं न्हाय आन् फवारून मोकळ्या झालात."

बाई चिडल्या. एका शेळीवालीनं आपल्याला जाब विचारावा, हे त्यांना झोंबलं. "परिणाम पंधरा दिवसांत उतरतो," त्या तुटकपणे म्हणाल्या. "बाटलीवर लिहिलंय तसं."

"फवारलं कवा हुतं?"

"शेवटचं आषाढात."

"आता कार्तिक चाललाय."

बाईंनी यंत्राकडे पाहिलं. आकडा बावीसवरच होता. बोरी अजूनही एकमेकींना सावध करतच होत्या. दुपारचे वार्ताहर त्यांना आठवले आणि पहिल्यांदाच भीती वाटली.

मागून रतनची उरलेली शेरडं आली आणि मान वर करून पाला ओरबाडू लागली. रतननं काठी उगारून त्यांना हाकललं. शेरडं चार पावलं गेली आणि परत फिरली, कारण त्या माळावर हिरवं असं दुसरं काहीच नव्हतं. तिनं पुन्हा हाकललं, ती पुन्हा आली.

"ह्या बोरींस्नी भ्यायला तुमी शिकीवलं, मॅडम," काठी खाली टाकत ती म्हणाली. "आता न भ्यायला कोन शिकीवनार?"