तीन बोटांचा ठसा

पैज लागली ती न्हाव्याच्या दुकानात, टिवल्याच्या एका गालाचा फेस अजून पुसायचा राहिला असताना.

बाकावर खाटीक बसला होता. त्याच्या म्हणण्यानुसार डोंगरापलीकडे लांडगे परत आले होते. तिकडच्या मेंढपाळांनी कुरणांना विजेच्या तारा लावल्या होत्या. काही जण विष घालायचं म्हणत होते, आणि सरकारी माणूस आला की सगळे त्याच्या अंगावर धावून जात होते.

"आपल्याकडे आले की समजेल," खाटीक म्हणाला.

"आपल्याकडे आले तर आधी दादाला समजेल," न्हावी म्हणाला. "त्या माणसाला फसवून कुणी डोंगर उतरत नाही."

दादा म्हणजे टिवल्याचा थोरला भाऊ. सगळं गाव त्याला दादाच म्हणायचं. त्याला ना बायको ना पोर. डोंगराच्या कडेला मेंढरांचा वाडा, त्याला लागून एक खोली, आणि ढब्बू नावाचा पांढरा, गलेलठ्ठ कुत्रा, एवढाच त्याचा संसार. बाप लवकर गेला. टिवल्याला दादानंच वाढवलं, सुतारकामाला लावलं, त्याचं लग्नही करून दिलं.

टिवल्या पन्नाशीला आला तरी त्याच्या अंगातली खोड काही जात नव्हती. एकदा त्यानं न्हाव्याच्या दुकानातल्या खुर्चीचे पाय रोज थोडे थोडे तासून ठेवले होते. कुणाला पत्ता नाही. महिनाभर न्हावी बायकोला सांगत होता, या वयात आपली उंची वाढतेय. खरं समजलं तेव्हा त्यानं वस्तरा टिवल्याच्या गळ्याशी धरला आणि मग दोघं पोट धरून हसले. पण न्हावी ते विसरला नव्हता.

"दादाला फसवणं म्हणजे काय मोठंसं," टिवल्या आरशात बघत म्हणाला. "माझाच भाऊ आहे. याच दुकानात, येत्या बाजाराच्या दिवशी, त्याच्या तोंडून वदवून दाखवतो की लांडगा फिरतोय."

"आणि नाही वदला तर?"

"तू सांग."

न्हाव्याचे डोळे चमकले. "हरेल त्यानं गळ्यात मेंढीची घंटा बांधायची आणि भर बाजारातून वजनकाट्यापर्यंत रांगत जायचं. चार पायांवर. बें बें करत."

खाटकानं दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले. उरलेल्या गालाची दाढी जरा जास्तच जोरात झाली.

आता टिवल्या वात्रट असला तरी कारागीर पक्का होता. लांडग्याचा पंजा करायचा तर खऱ्यासारखाच करायचा, हे त्याच्या डोक्यात बसलं. पण खरा लांडगा बघितलाय कुणी? लोकरीच्या वखारीत मात्र एक कातडं भिंतीला ठोकलेलं होतं. आजोबांनी मारलेला शेवटचा लांडगा. कसर लागून केस गेले होते, एक डोळा शिवलेला होता. पण पंजे शाबूत होते. टिवल्या शिडी लावून चढला, दोरीनं माप घेतलं, नखांची लांबी, तळव्याच्या गादीचा उंचवटा, सगळं बघितलं. वखारीचा माणूस विचारायला लागला तेव्हा म्हणाला, "याला जोडे करायला सांगितलेत."

घरी येऊन त्यानं जुन्या शिसवीच्या तुकड्यात चार पंजे कोरले. पुढच्या डाव्या पंज्याला कातड्यावर तीनच बोटं होती. चौथं कधीतरी सापळ्यात तुटलेलं. टिवल्यानंही तीनच कोरली. जसं आहे तसं करायचं, यातच त्याची ऐट होती. हा पंजा दुसरा कुणी ओळखेल, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

ओल्या धुक्याची सकाळ बघून तो वाड्यावर गेला. दादा पाण्याच्या डबक्याकडे मेंढरं घेऊन गेला होता. ढब्बूचा पाय त्या दिवसांत दुखरा होता, म्हणून तो मागे राहिला होता. टिवल्याला बघून शेपटी आपटत आला, खिसा हुंगला. खिशात पावाचा तुकडा होता, नेहमीसारखा. तो चावत कुत्रा टिवल्याच्या मागेमागे फिरला आणि टिवल्या एक एक पंजा चिखलात दाबत कुंपणाबाहेरून आत, गव्हाणीला वळसा घालून परत बाहेर गेला. ढब्बूचे आणि स्वतःच्या पायांचे ठसे त्यानं फांदीनं झाडून टाकले.

"कुणाला सांगायचं नाही," तो ढब्बूच्या कानात म्हणाला. आणि ढब्बूनं खरंच सांगितलं नाही.

दोन-तीन दिवस असेच गेले. दादा गावात आला, मीठ घेतलं, कुणाशी बोलला नाही. फक्त वखारीत जाऊन बराच वेळ कातड्यासमोर उभा राहिला, असं वखारीचा माणूस म्हणाला. तेव्हा टिवल्याला खुदकन हसू आलं. मासा गळाला लागतोय.

बाजाराला दोन दिवस असताना तो मजा बघायला वर गेला.

दादा दाराच्या उंबऱ्यावर बसला होता. आजोबांची बंदूक मांडीवर आडवी. ढब्बू खुंटाला बांधलेला. ढब्बूला याआधी कुणी बांधलेलं टिवल्यानं कधी बघितलं नव्हतं.

"धाकल्या, ठसे बघितलेस?"

"कसले ठसे?"

"आत येऊन गेलंय. गव्हाणीपर्यंत. डाव्या पायाला तीन बोटं." दादा बंदुकीच्या दस्त्यावरून अंगठा फिरवत होता. "आजोबांनी मारलेल्याला पण तीनच होती."

"योगायोग असेल."

"असेल. पण ढब्बू भुंकला नाही."

"झोपला असेल रे. म्हातारा झालाय."

"ढब्बू झोपत नाही. कुंपणाच्या कडेला त्याचा ठसाच नाही. तो जागचा हललाच नाही." दादाचा आवाज अगदी साधा होता. "रानातल्या जनावराला जो कुत्रा आत येऊ देतो, त्याला ठेवता येत नाही. एकदा येऊ दिलं की कायमचं येऊ देतो. पाचशे वेळा राखलं असलं तरी."

टिवल्याला बोलायचं होतं. एक वाक्य होतं. मी होतो, दादा. बस. ते जिभेच्या टोकापर्यंत आलंही होतं. पण त्याच्यामागून न्हाव्याचा चेहरा आला, घंटा आली, खाटकाचं ते खोकल्यासारखं हसणं आलं. फक्त दोन दिवस, त्याला वाटलं. आज दादाला कसंतरी थोपवू, बाजार झाला की सांगू, सगळे हसतील.

आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"म्हणजे... लांडगा फिरतोय म्हणतोस?"

दादानं त्याच्याकडे बघितलं. उठला, दोरी सोडली.

ढब्बू लंगडत निघाला. जाताना टिवल्याजवळ थांबला आणि त्याचा खिसा हुंगला. खिशात काही नव्हतं. तरी त्यानं शेपटी हलवली.

दोघं भिंतीमागे गेले. टिवल्या जिथं होता तिथंच उभा राहिला. आवाज एकच झाला. मेंढरांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या.

घरी येऊन त्यानं चारही पंजे चुलीत घातले. शिसवी सहज जळत नाही. तो फुंकत राहिला, धुरानं डोळे वाहिले. बायको म्हणाली, "अहो, एवढं चांगलं लाकूड?" तो म्हणाला, कीड लागली होती. शेवटी राख झाली. चिमट्यानं ढवळून बघितलं, एकही बोट उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादाकडे एक मेंढी मेली.

गळा फाडलेला, पण खाल्लेली नव्हती. एक घासही नाही. बातमी ऐकून टिवल्या धावत वर गेला. चिखलात ठसे होते. नवे, कालच्या पावसानंतरचे. डावा पुढचा, तीन बोटांचा.

तो खाली बसला. त्यानं केलेले ठसे सगळे सारख्या खोलीचे होते. हातानं दाबलेले ते, दुसरं काय होणार. हे तसे नव्हते. वळताना कड दबली होती, गव्हाणीजवळ थांबताना नखं रुतली होती. यांत वजन होतं. चालणाऱ्याचं वजन.

ठसे कुंपणाबाहेर पडून उतारानं गावाकडे गेले होते. फरसबंदी लागते तिथं संपले होते.

दादा मेंढी पुरत होता. टिवल्यानं दुसरं फावडं घेतलं. दोघं भाऊ माती लोटत राहिले. ढब्बूला पुरलेली जागा शेजारीच होती, ती टिवल्यानं नजरेनं टाळली. वाक्य अजूनही एकच होतं. आता मात्र ते बोललं तर पुढचं काय, हे त्याला सांगता येत नव्हतं. मी होतो, दादा. मग काल रात्रीचा कोण?

बाजाराच्या दिवशी सकाळी बायको चादर झटकत होती. झटकता झटकता थांबली.

"अहो, लहान पोरासारखं काय हे? झोपताना धुऊन तरी यावं माणसानं."

"पाय धुतले होते मी."

"पाय नाही, हात." तिनं उशी पुढे केली. उशीवर, त्याचा डावा हात जिथं असायचा तिथं, वाळलेला चिखल होता. तिनं त्याच्या कॉलरवरून काहीतरी चिमटीत उचललं. "आणि ही लोकर कसली? कातरायला जाता की काय आता?"

ती हसली. तोही हसला. मग मोरीत जाऊन खूप वेळ हात घासत राहिला.

न्हाव्याचं दुकान भरलं होतं. पैजेची गोष्ट खाटकानं ठेवली थोडीच पोटात? दारात, खिडकीत माणसं. दादा आला, तेव्हा न्हाव्यानं त्याला मानानं खुर्चीत बसवलं. तीच खुर्ची, बुटकी.

"काय दादा, वर काय खबर?" न्हावी कापड झटकत म्हणाला. "मेंढी गेली म्हणे. लांडगा फिरतोय का काय?"

टिवल्या दाराला टेकून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पैज हरायची होती.

"नाही," दादा म्हणाला.

"नाही?"

"लांडगा असता तर ढब्बू भुंकला असता." दादा आरशात बघत होता, आणि आरशातून टिवल्याकडे. "ढब्बू भुंकायचा नाही तो फक्त घरच्या माणसावर. मला उशिरा कळलं."

हशा व्हायचा तो झाला नाही. दादा ज्या आवाजात बोलला होता, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

"हरलो," टिवल्या म्हणाला. "आण घंटा."

"राहू दे रे," न्हावी हळूच म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "पुन्हा कधीतरी."

"आण म्हणतो ना!"

घंटा कुणाकडून तरी आली. टिवल्यानं स्वतःच ती गळ्यात बांधली आणि बाजाराच्या तोंडाशी चार पायांवर झाला. पाऊस पडून गेला होता, जमीन मऊ होती. दोन्ही बाजूंना विकायला आणलेल्या मेंढरांचे कठडे, मध्ये वाट, टोकाला वजनकाटा.

तो निघाला. आधी लोक हसले. टिवल्या बें बें करतोय म्हटल्यावर कोण नाही हसणार? एका भाजीवालीनं त्याच्यापुढे कोबीचं पान टाकलं. कुणी म्हणालं, "लोकर बघा, चांगली आहे!" त्याचे कान जळत होते. चांगलं झालं, त्याला वाटत होतं. अजून हसा. अजून.

पहिल्या कठड्यापाशी तो पोचला, आणि आतली मेंढरं मागे सरली.

दुसऱ्या कठड्यातलीही. सगळी पलीकडच्या बाजूला, एकमेकांच्या अंगावर चढून, तोंडं त्याच्याकडे. एकही ओरडत नव्हतं. लाकूड करकरत होतं.

हसणं पातळ झालं. मग थांबलं.

बाजारात कुत्री पुष्कळ होती. एकही भुंकलं नाही. तो जवळ आला की ती कान पाडून पोट जमिनीला टेकवत होती.

घंटा तेवढी वाजत होती.

तो वजनकाट्याशी पोचला. बें करायला तोंड उघडलं आणि मिटलं. कसला आवाज येईल याची त्याला खात्री नव्हती.

त्यानं मान वळवून मागे बघितलं.

वाटेवर त्याच्या उजव्या हाताचे ठसे होते, पाची बोटं पसरलेली. गुडघ्यांचे खड्डे होते. आणि डावीकडे, सुरुवातीपासून इथपर्यंत, तीन बोटं. नखांसकट.

त्यानं डावा हात वर करून बघितला. पाचही बोटं जागच्या जागी होती. त्यानं मूठ मिटली आणि खिशात घातली.

बाकी कुणी खाली बघत नव्हतं. सगळे मेंढरांकडे बघत होते. खाली बघत होता तो एकटा दादा. वाटेच्या सुरुवातीपासून तो सावकाश येत होता आणि बुटाच्या टाचेनं डावीकडचा एक एक ठसा पुसत होता. लहानपणी टिवल्यानं भिंतीवर काढलेली चित्रं बाप यायच्या आत पुसायचा, तसाच.

शेवटचा पुसून तो टिवल्याजवळ उभा राहिला. हात धरून त्यानं त्याला उठवलं. उजवा हात धरून.

"दादा," टिवल्या म्हणाला, "पहिल्यांदा आला होता ना, तो मी होतो."

"माहीत आहे."

"नंतरचं... नंतरचं मला माहीत नाही रे."

"तेही माहीत आहे," दादा म्हणाला. "चल, घरी जाऊ."

टिवल्यानं गळ्यातली दोरी सोडायला हात वर नेला.

"ती राहू दे," दादा म्हणाला. "आता ढब्बू नाही. मेंढरांना समजायला पाहिजे, तू कुठे आहेस ते."